पाट्याच्या पाठीवरची खूण

स्पेनबाई कोणाला माफ करत नसत, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. नाशिकच्या आमच्या कला महाविद्यालयात त्या मला इतिहास शिकवायच्या. अमेरिकेतली चांदी ओरबाडून स्पेनच्या राजांनी चारशे वर्षांपूर्वी उभारलेले राजवाडे हा त्यांचा अभ्यास, म्हणून हे नाव.

हातात येईल ते उलटून बघायची त्यांना खोड. कप, फरशी, माझी वही. "पुढून राजा दिसतो गं," म्हणायच्या, "घडवणारा मागे असतो." त्या राजवाड्यांच्या दगडांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा त्यांनी अकरा वर्षं खपून वहीत उतरवल्या होत्या. स्वतःचे वडील सिन्नरचे पाथरवट. "मी कुठं परकं काही शिकतेय? बापाचाच धंदा," हे ठरलेलं वाक्य.

विभागप्रमुख सरांनी ती वही 'जरा चाळतो' म्हणून नेली, ती परत दिलीच नाही. दोन वर्षांनी त्यांच्या नावाचं जाडजूड पुस्तक आलं. बाईंचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. माझं रक्त खवळलं. बाई मात्र पुस्तक चाळून झाल्यापासून गुणगुणत होत्या. मला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं.

प्रकाशनाला त्या कापडी पिशवी घेऊन आल्या, ओझ्यानं एक खांदा झुकलेला. सर रंगात येऊन सांगत होते की तीन टिंबं आणि खाली वाकडी रेघ ही खूण राजाच्या खास मर्जीतल्या कारागिराची. बाई उठल्या, थेट व्यासपीठावर गेल्या आणि पिशवीतला घरचा पाटा टेबलावर पालथा घातला. तीन टिंबं, खाली वाकडी रेघ.

"सर, हे माझे वडील. नाशिकच्या पुढे कधी गेले नाहीत. राजाची मर्जी त्यांनी कधी सांभाळली, तेवढं सांगा."

सरांनी वही मागितली तेव्हाच बाईंना वास आला होता. देण्याआधी वडिलांची खूण त्यांनी मुद्दाम तीत घुसवली. "याच्या घरीही बाबांचाच पाटा. कधी उलटून धुतला असता तर फसला नसता मेला," रिक्षात त्या म्हणाल्या. "यांच्याकडे वाटायलाही बाई, धुवायलाही बाई."

पुस्तक मागे घ्यावं लागलं. पुढे ते बाईंच्या नावानं निघालं. सर दोनदा घरी आले. बाईंनी चहा दिला, माफी नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत सर 'माझी लाडकी सहकारी' म्हणत उभे राहिले. मी उठले. फोटोपुढे पाटा ठेवला होता, तेवढा उलटा केला. सर दुसऱ्या वाक्याला खाली बसले.

बाई असत्या तर गुणगुणल्या असत्या. मी घरी येऊन रडले.