धूर आमचाच होता

देवपूरच्या होस्टेलवर राहून डी.एड. करताना आम्हा तिघी मैत्रिणींत बेत आखणारी मी होते. दुसरी पहूरची, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिसरी सावद्याची, केळीच्या बागायतदाराची लेक; ती हसली की शेजारच्या खोलीत कळायचं. एप्रिलमधल्या एका रविवारी पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरात जायचं आणि संध्याकाळी परतायचं, हे मी ठरवलं. रेक्टरबाईंनी विचारलं, सोबत मोठं कोण आहे?

"मी आहे," मी म्हटलं. त्यांनी परवानगीच्या अर्जावर सही केली.

पहाटेच्या एस.टी.नं निघालो. फाट्यावर उतरून चढायला लागलो. पळस गळून गेला होता, पण करवंदं पिकायला लागली होती. ती खात खात अकराच्या सुमारास एका उंच कड्याखाली पोहोचलो. तिथं सावली होती आणि डबक्यात पाणीही होतं. चादर अंथरून भाकरी, ठेचा आणि सावद्याहून आलेली केळी खाल्ली. मग मला चहाची हुक्की आली. तीन दगड मांडले, डबक्याकाठच्या काटक्या पेटवल्या. काटक्या ओलसर निघाल्या, धूर सरळ कड्याला लागून वर गेला. वर काय लटकतंय, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

आधी नुसता आवाज आला, लांबून ट्रक यावा तसा. मग पहिला डंख माझ्या मानेवर बसला. आग्यामोहोळ उठलं होतं. मी पळाले. सरळ सांगते, कुणाकडे न बघता पळाले. पन्नासेक पावलांवर करवंदीच्या जाळीत शिरून मागे वळले, तर सावद्याची डबक्याजवळ तशीच उभी होती. दोन्ही हात तोंडावर, पाय जमिनीत रुतल्यासारखे. आणि पहूरची तिच्याकडे परत धावत होती. तिनं वाटेत चादर ओढून घेतली, दोघींच्या अंगावर टाकली आणि तिला घेऊन खाली बसली.

मला लाज वाटली. ओढणी डोक्याला गुंडाळली, परत गेले आणि चादरीत घुसले. तिघी पालथ्या पडलो. चादरीवर माश्या टपटप आदळत होत्या. तेवढ्यात वरच्या अंगाला शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याची हाक आली, "पोरीस्वन, हालू नका, तठेच पडी ऱ्हा!"

आम्ही पडून राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. घामानं चादर भिजली. पहूरची सावद्याचीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आवाज थांबल्यावर म्हातारा खाली आला. आम्ही त्याला आबा म्हणालो. त्यानं आधी चूल विझवली, मग नखानं काटे कसे खरवडायचे ते दाखवलं. रागावला नाही, धूर करण्याआधी वर बघायचं असतं, एवढंच समजावलं. फाट्यापर्यंत सोबतही आला. सावद्याचीचा एक डोळा पार मिटला होता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू परत आलीस ना? बस झालं." बसमध्ये पहूरचीला खिडकीची जागा दिली आणि होस्टेलवर पोहोचल्यावर रेक्टरबाईंना सगळं सांगितलं, माझ्या पळण्यासकट.

सोमवारी सावद्याचीचा चौथीच्या वर्गावर सराव पाठ होता. सगळ्यांनी सांगितलं, पुढं ढकल. ती सुजलेलं तोंड घेऊन फळ्यापुढं उभी राहिली. मुलं हसली. तिनं आणलेला तक्ता गुंडाळून ठेवला आणि मधमाश्यांवर बोलायला सुरुवात केली. माशी का चिडते, धूर कुठं करू नये, कुणी पळालं, कुणी थांबलं, सगळं. वर्ग इतका शांत झाला की मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक गुरुजी वहीत लिहायचे थांबले. तास संपल्याची घंटा झाली, तरी एकही मूल उठलं नाही.