पाणी न पिणारा सूत्रसंचालक

भाव न करता अख्खं आयुष्य काढलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा व्याही निघाला. मी स्वतः घासाघिशीवर उभा राहिलेला माणूस. हातगाडीवर जुने रेडिओ विकत विकत शहरातल्या टीव्ही सेंटर चौकात टीव्ही-फ्रिजचं दुकान टाकलं, ते काही समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा ऐकून नव्हे. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली तर मी ती चारवर आणतो. आणि हा माणूस शाहगंजच्या बाजारात चप्पल घ्यायला गेला, तर "किती?" एवढंच विचारतो आणि खिशात हात घालतो. एकदा गुलमंडीवर मी सोबत होतो. धोतरजोडीचा भाव ऐकून यानं मुकाट्यानं पैसे काढले, तेव्हा दुकानदारच बिचकला. कुठं फाटलंय की काय म्हणून त्यानं माल उलटासुलटा करून बघितला आणि शेवटी भिऊन स्वतःच भाव कमी केला. वर हा शहाणा म्हणतो, "आता कमी का केला? आधीचा खोटा होता व्हय?" मी दंडाला धरून बाहेर ओढला, नाहीतर पैसे परत देऊनच आला असता. तोंडावर मी त्यांना अहो-जाहोच करतो. मी मुलीचा बाप आहे, करावंच लागतं. पण लिहिताना तरी मला 'हा' म्हणू द्या. तेवढा राग माझ्या हक्काचा आहे.

रागाचं मूळ लग्नाच्या बैठकीत आहे. माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा, आणि मी तयारीही तशीच केली होती. मुलाकडचे लग्न त्यांच्या खुलताबादला मागणार, मी शहर म्हणणार, आणि तणतण करत वेरूळच्या मंगल कार्यालयावर दोघं येणार. कुठं आवाज चढवायचा, कुठं पाण्याचा पेला बाजूला सारायचा, कुठं चपला घालून अर्धवट उठायचं आणि मेव्हण्यानं मला कुठं खाली बसवायचं, सगळं ठरलेलं. व्याह्याच्या घरी बैठक सुरू झाली. मी घसा खाकरून विचारलं, "लग्न कुठं?" व्याही म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." तारीख? तुम्ही म्हणाल तसं. वऱ्हाड? तुम्ही म्हणाल तसं. पोहे यायच्या आत बैठक संपली. मेव्हणा बिचारा मला खाली बसवायला हात पुढं करून तसाच राहिला, कारण मी उठलोच नव्हतो. लोक म्हणतात, असा व्याही मिळायला भाग्य लागतं. लागत असेल. पण सगळे पैलवान तयार करून आखाड्यात न्यावेत आणि समोरच्यानं नारळ देऊन पाया पडावं, तशी माझी गत झाली. ते सगळे डाव अजून माझ्या पोटात तसेच पडून आहेत.

त्या बैठकीत मला आवडलेला आवाज एकच. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून विहीणबाई बोलल्या, "पाव्हणं, त्यांचं सोडा. जेवणात जिलबी नगं, बासुंदी पायजे." मी लगेच सरसावलो. म्हणालो, "बासुंदी केली तर मठ्ठा निघंल." "मठ्ठा राहील, भजी काढा." "भजी काढली तर लोक नावं ठेवतील." "मग जिलबीच ठेवा, अन् बासुंदी बी ठेवा." पडद्याआडच्या त्या बाईनं मला दोन गोडांवर आणून सोडलं आणि मी खूश होऊन घरी आलो. घरात एक तरी माणूस बोलणी करणारं आहे, मुलीची काळजी नाही.

विहीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी-जावई इथं शहरात. दोघं म्हणून म्हणून थकले, तरी व्याही सीताफळाची बाग सोडून यायला तयार नाही. पण त्यानंतर दर शनिवारी तो एसटीनं यायला लागला. मुलीकडं जेवायचा, जरा पडायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानात हजर. निमित्त टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचं. "तुमच्याकडं मोठा दिसतो," म्हणायचा. मोठा दिसतोच. माझ्या भिंतीवर सगळे टीव्ही एकदम चालू असतात. पण हा इतका वेळ बघूनही एकाचीसुद्धा किंमत विचारत नसे, हेही मला लागायचं.

त्याची बघायची तऱ्हा काय सांगू! खुर्ची दिली तरी बसायचा फ्रिजच्या खोक्यावर, चपला बाहेर काढून. सूत्रसंचालकानं नमस्कार केला की हाही हात जोडायचा, आणि भिंतभर तोच माणूस असल्यामुळं सगळीकडं फिरून जोडायचा. समोर वयस्कर बाई खेळायला आली तर खोक्यावरून उठून उभा राहायचा; ती बसली की मग बसायचा. स्पर्धकानं फोनवरून कुणाची मदत मागितली की हा आपला मोबाइल खिशातून काढून तळहातावर धरायचा. "आपल्याला कशाला लावतील ते?" मी एकदा चिडून विचारलं. "कुणाला नड असंल तर काय सांगावं," म्हणाला. पण स्वतः उत्तर कधी म्हणून द्यायचा नाही. प्रश्न संपला की त्याची मान हळूच मागं वळायची, दुकान आणि गोदाम यांच्यामधल्या पडद्याकडं. मला वाटायचं, चहाची वाट बघतोय. म्हणून मी दर वेळी चहा सांगायचो. तोही आलेला चहा निमूट प्यायचा. चार-चार चहा होत. यालासुद्धा तो कधी नाही म्हणाला नाही.

यंदा जुना सूत्रसंचालक गेला आणि नवा आला. आपल्याकडं आमदार बदलला तरी एवढी चर्चा होत नाही. चहावाला म्हणाला, "लई हसतो, दात दाखवायचेच पैसे घेतो वाटतं." समोरचा मेडिकलवाला म्हणाला, "कोट बघा, भाड्याचा दिसतो." मेव्हण्याचं म्हणणं, तो स्पर्धकाला डोळ्यानं उत्तर सुचवतो. मला विचाराल तर गडी एक नंबर. खेड्यातून वर आलेला, बोलणं आपल्यासारखं, आणि स्पर्धकाला "एवढे घेऊन घरी जाताय का?" म्हणून असा खेळवतो की मला आपलाच धाकटा भाऊ वाटावा. व्याह्याचं मत मात्र जगावेगळं. पहिलाच भाग बघून तो म्हणाला, "हा पाणी पीत नाय."

"कोण?"

"हाच. पाणीच पीत नाय."

दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. चहावाला म्हणाला, उपास असंल. मेडिकलवाल्यानं मूतखड्याची शंका काढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "अहो, पाणी पीत नाही म्हणजे काय? तो काय उंट आहे? माणूस चांगला का वाईट ते सांगा ना! कधी तरी आयुष्यात 'नाही' म्हणा, भांडा, काही तरी मागा!"  व्याही उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." आणि गेला.

पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आला नाही, गेलं उडत, असं मी बायकोला सांगितलं. पण कार्यक्रम लागला की नजर त्या खोक्याकडं जायची. खोकं विकायला निघालं, तर मी गिऱ्हाइकाला वरच्या मॉडेलचा दुसरा फ्रिज त्याच भावात देऊन टाकला. त्यात मुलीचा फोन आला, "पप्पा, मामंजी आता शहरात यायचंच नको म्हणतात. जेवायला बोलावलं तरी बागेचं काम सांगतात. तुम्ही काही बोललात का त्यांना?" मी म्हणालो, मी काय बोलणार? आणि गाडी काढून सरळ खुलताबाद गाठलं. भांडायलाच निघालो होतो, हे खरं आहे.

व्याही घरात एकटाच होता. लोखंडी पलंगावर बसलेला, टीव्ही बंद. मी घाट चढून आलोय म्हटल्यावर स्वतः उठून पाणी आणलं. मी पेला बाजूला सारला. हा डाव बैठकीपासून शिल्लक होता. म्हणालो, "व्याहीबुवा, माझा राग माझ्यावर काढा. पोरीकडं का जात नाही?"

"राग कशाचा? तिथं आलं की तुमच्याकडं यावं वाटतं. तुमच्याकडं आलं की तो कार्यक्रम लागतो. आता त्याच्यात काय राम नाय राह्यला."

"का? तो पाणी पीत नाही म्हणून?"

"व्हय."

मी तोंड उघडलं होतं, पण तोच बोलायला लागला. एवढं सलग बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं. "जुना होता ना, तो प्रश्न इचारायचा अन् मग पेला उचलायचा. सावकाश पाणी प्यायचा, पेला खाली ठेवायचा, मग चार पर्याय सांगायचा. तेवढ्या टायमात ती आतून बोलायची. भाकरी थापता थापता. टीव्हीसमोर कधी बसली नाय, पण उत्तर द्यायची. लई करून चुकायचीच. मी म्हणायचो, 'चूक!' ती म्हणायची, 'चुकू द्या, तुम्ही तर त्ये बी नाय बोललात.' " तो हसला. "ती गेली, तरी तो पाणी प्यायचा की माझे कान तिकडंच. हा नवा बोलतच ऱ्हातो. जागाच सोडीत नाय. वाईट नाय पोरगा, पाव्हणं. पण ती कधी बोलणार?"

पलंगावरून स्वयंपाकघराचा पडदा दिसत होता. तोच पडदा, बासुंदीवाला. मी बाजूला सारलेला पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घाट उतरताना मला माझ्या त्या सगळ्या चहांचा हिशेब लागला.

माझ्याकडचे आताचे सेटटॉप बॉक्स चालू कार्यक्रम थांबवतात. गिऱ्हाइकाला माल खपवताना हेच मी पहिलं दाखवतो, आणि मलाच सुचलं नव्हतं. शनिवारी मुलीला सांगून व्याह्याला आणवला. खोक्यावर बसवला. भिंतभर तो नवा गडी आला, नमस्कार झाले. पहिला प्रश्न आला, मधमाशीला पाय किती. मी रिमोट दाबला. सगळ्या टीव्हींवर तो तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला. दुकानात एकदम शांतता. दाराशी उभं गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, अडकला का?" मी म्हणालो, "अडकला नाही, थांबवलाय. बसा गप."

 व्याह्याची मान हळूच मागच्या पडद्याकडं वळली. मला ती शांतता सोसेना. मी म्हणालो, "आठ."

"चूक!" व्याही इतक्या जोरात म्हणाला की मेडिकलवाला बाहेर आला.

"मग सहावर या," मी म्हणालो. तो हसला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसला.

आता दर शनिवारी मी थांबवतो. पहिल्या दिवशीच धंद्याच्या सवयीनं विचारलं होतं, "प्रश्नामागं अर्धं मिनिट धरू?" तो खालमानेनं म्हणाला, "जरा जास्त धरा, पाव्हणं." आमच्या इतक्या वर्षांच्या सोयरिकीत या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं. भाव करायला याहून चांगला मुहूर्त मला पुन्हा मिळणार नव्हता. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

कार्यक्रम आमच्या दुकानात उशिरा संपतो. चहावाला अजूनही कोटावर, दातांवर बोलतो. मलाही तो सूत्रसंचालक अजून आवडतो. पण रिमोट दाबला की मी त्याच्याकडं बघत नाही. व्याही पडद्याकडं बघतो, आणि मीही बघतो. त्या पडद्यामागं माझे फ्रिज आणि कूलर रचलेले आहेत, मला माहीत आहे. तरी वाटतं, आतून कुणीतरी आत्ता बोलेल, बासुंदी पायजे म्हणेल, आणि या खेपेला मी मठ्ठ्याचं नावही काढणार नाही.