महारुद्रचा अर्धा वाटा

रविवारी संध्याकाळी शिवरंजनीला नवऱ्याच्या कानामागे कापूस दिसला. महारुद्रचं जिंतूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिथे काळं ऑइल असतं, तांब्याची तार असते. कापूस कुठून आला? शिवरंजनी सरकारी दवाखान्यात नर्स, आणि स्वभावाने अशी की गोष्टीचा छडा लागेपर्यंत जिवाला चैन नाही. बायको अशी शोधाला लागली की नवऱ्याने काय ते समजावं! पुढच्या रविवारी तिने स्कूटी काढली आणि त्याच्या दुकानावर गेली.

दुकानाला कुलूप होतं. कापसाचा माग काढत गेल्यावर महारुद्र सापडला गावाबाहेरच्या जिनिंग कारखान्यावर, मजुरांच्या बरोबरीने टेम्पोतला कापूस उपसताना. तिला आधी राग आला, मग रडूच कोसळलं.

"मोटारी कमी यायल्यात," घरी आल्यावर तो म्हणाला. "अन् अर्धं म्हंजे अर्धं. भाडं, किराणा, लाइट बिल. ठरलंय आपलं."

ठरवलं होतं तिनेच, लग्न झाल्या झाल्या, मोठ्या रुबाबात: दोघं समान, तर खर्चही समान. त्याची कमाई तिच्या पगाराचा जेमतेम तिसरा हिस्सा, हे तिला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र आज कळत होता. महिनाअखेरीला तिच्याकडे पैसे उरत, त्याच्याकडे चहापुरतेही नसत.

"ताडकळसला माझे बाबा शेत बटईनं देतात," ती म्हणाली. "बटईदार अर्धा खर्च करतो, कारण माल बी अर्धा नेतो. तुमी अर्धा माल कवा नेला? आता ज्याची जशी कमाई, तसं त्यानं टाकायचं. माझे तीन, तुमचा एक."

महारुद्रने ताटातली भाकरी बाजूला सारली.

"मंग घरात माझा शब्द बी पावच का?"

हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "शब्द अर्धाच," ती घाईने म्हणाली. "तसूभर कमी न्हाई."

"मंग सांगतो. हे घर मला पसंत न्हाई. वरचा मजला, उन्हाळ्यात नुसती भट्टी."

या घरात त्यांना तीन वर्षं झाली होती. "मंग इतके दिवस बोलला का न्हाईत?" शिवरंजनीने विचारलं.

"तू घर ठरवून आलीस, अन् मला सांगितलंस. विचारलं कवा?"

तिला फार वाईट वाटलं. ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आता विचारते. तुमाला कसलं घर पाहिजे?"

महारुद्रने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.