बर्नीच्या शब्दावर

जूनअखेरीस पिट्सबर्गमध्ये शहाण्यांचं उदंड पीक येतं. बास्केटबॉलपटूंचे करार संपतात, खेळाडू मोकळे होतात, आणि आपल्या ‘फोर्ज’ संघानं कुणाला आणावं हे खाटकापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की लीगनं प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलेली आहे आणि त्या मर्यादेत जेवढी जागा उरेल तेवढ्यातच बाहेरचा माणूस आणता येतो. ही जागा सांभाळायचं काम बर्नाडेट ह्राबोव्स्कीचं. पोलाद कारखान्यातल्या फिटरची मुलगी, अंगानं थोराड, आवाज भोंग्यासारखा. सगळं गाव तिला बर्नी म्हणे. चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटतानाही बायका तिला सोडत नसत. “बर्नी, या वर्षी तरी मोठं नाव आण गं!”

“नाव नाही खेळत, पाय खेळतात,” ती म्हणायची. “तू लाट.”

त्या वर्षी फोर्जकडे बऱ्याच काळानं भरपूर जागा होती, आणि जागा दिसली की मालकांचे हात शिवशिवतात. मालक वॉरन मॅक्लेव्हन तसा मनानं मोकळा माणूस, पण उतावळा. त्याला एक नामांकित खेळाडू हवा होता.

“वॉरन, त्याचा करार संपत होता म्हणून तो गेल्या वर्षी जीव तोडून खेळला,” बर्नी म्हणाली. “आता पोट भरल्यावर कशाला धावेल? आणि आपण चार वर्षं त्याच्या लंगडण्याचे पैसे भरायचे?”

तिनं दोन वेगळीच माणसं हेरली होती. एक उंचापुरा, रिबाउंडवर, म्हणजे कडीला आपटून उसळलेल्या चेंडूवर, तुटून पडणारा. दुसरा लांबून चेंडू टाकणारा. दोघेही तरुण, दोघांचीही चित्रं कुणाच्या भिंतीवर नव्हती. कुरकुरत का होईना, वॉरन कबूल झाला. मग त्यानं नवीनच टूम काढली. लमॉन्ट पेटिग्रूची सही सगळ्यांत आधी घ्यायची, तीही बँड लावून.

लमॉन्ट याच शहरातल्या होमवुडचा पोरगा. फोर्जमध्ये तुटपुंज्या पगारावर आला आणि तीन वर्षांत संघाचा कणा झाला. आता त्याला घसघशीत पगार द्यायचा हे ठरलेलंच होतं.

“बँड वाजवा, पण शेवटी,” बर्नी म्हणाली. “आपल्याच खेळाडूला परत घेताना मर्यादा ओलांडली तर लीगला चालतं. सही होईपर्यंत मर्यादेच्या हिशेबात त्याचा जुना, लहान पगारच धरतात. आधी त्याची सही घेतलीत तर सगळी जागा तोच खाईल, मग बाहेरच्यांना काय, पायरीवर बसवणार?”

म्हणजे पाहुण्यांची पंगत आधी, घरचे मागून. हिशेब सरळ होता. अवघड होतं ते घरच्याला उपाशी बसवणं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लीग कुणालाच सही करू देत नाही, सगळे सौदे तोंडी होतात. त्यानंतरही दोन्ही पाहुण्यांच्या सह्या होईतो लमॉन्टनं नुसत्या शब्दावर थांबायचं. दक्षिणेतला एक संघ तर त्याला जास्त पैसे देऊन बोलावतच होता.

म्हणून बर्नी होमवुडला गेली. लमॉन्टची आई ऑर्लीन शाळेच्या खानावळीत काम करून निवृत्त झालेली. तिनं मक्याचा पाव आणि शिजवलेली पालेभाजी वाढली आणि समोर हाताची घडी घालून बसली.

“शब्द कुणाचा? मालकाचा की तुझा?”

“माझा, मिस ऑर्लीन.”

“मग ऐक. फसवलंस तर मी मालकाच्या दारात नाही जाणार. तुझ्या जाईन.”

“आई, पुरे ना!” लमॉन्ट लाजून म्हणाला. “मिस बर्नी, मी थांबतो.” त्यानं दक्षिणेला नकार कळवला.

उंच पाहुण्याची सही झाली. दुसऱ्याची वैद्यकीय तपासणी रेंगाळली, आणि घात तिथेच झाला. होमवुडच्या कोर्टवर दर उन्हाळ्यात मोठे झालेले खेळाडू आपल्या वस्तीसाठी खेळतात. न येणाऱ्याला लोक चढेल म्हणतात. लमॉन्ट गेला, उडी मारली आणि वाकडा पडला.

त्यानं एजंटच्याही आधी बर्नीला फोन केला. वॉरन तिच्या टेबलाशीच होता, फोन स्पीकरवर होता.

“मिस बर्नी, गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, हिवाळा सरत येईपर्यंत खेळणं नाही. अजून सही झालेली नाही. तुम्ही माघार घेतलीत तरी मी तोंड उघडणार नाही. आईला मी समजावेन.”

खोटं कशाला सांगा, क्षणभर बर्नीच्याही मनात आलं, बरं झालं कागद झाला नाही. मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

“बर्फ लाव आणि गप्प पडून राहा,” ती त्याच्यावर खेकसली. “सहीचे कागद मी घरी घेऊन येते.” आणि फोन ठेवला.

“बर्नी, देवानंच वाचवलं आपल्याला,” वॉरन हळूच म्हणाला. “कायद्यानं आपण काही देणं लागत नाही.”

“कायद्यानं नाहीच लागत. म्हणून तर तो थांबला तेव्हा त्याला शब्द द्यावा लागला.”

“मोडक्या गुडघ्याला चार वर्षांचा पगार?”

“आज त्याला सोडा. पुढच्या जूनपासून आपला एकही पोरगा थांबणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, आधी माझी सही. मग जागा कुठून आणाल, वॉरन? ती आकड्यांतून निघते असं वाटतं तुम्हाला? ती त्यांच्या थांबण्यातून निघते. आणि हे सगळं नसतं तरी मी त्या बाईचं जेवले आहे. तुम्ही सही करणार नसाल तर गाडी काढा, माझ्याबरोबर चला आणि तिच्या तोंडावर सांगा.”

वॉरन काही गाडी काढायला उठला नाही. मग म्हणाला, “तो परत उभा राहिला नाही तर तुझी खुर्ची जाईल.”

“जाऊ दे.”

दुसऱ्या पाहुण्याची सही झाल्यावर वॉरननं ठरलेल्या पूर्ण रकमेवर सही केली. ते कागद बर्नीनं स्वतः होमवुडला नेले. ऑर्लीन ओट्याला टेकून मोठ्यानं रडली आणि तिला पाहून बर्नीही.

मोसम काही थाटाचा झाला नाही. लमॉन्ट फेब्रुवारीत परतला, जपून खेळला. संघ शेवटच्या आठवड्यात बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडला. वर्तमानपत्रांनी बर्नीला खुळी म्हटलं. वॉरननं तिची खुर्ची काढली नाही, पण महिनोन् महिने तिच्याशी कामापुरतंच बोलला.

पुढच्या जूनमध्ये कर्णधाराचा करार संपला आणि त्यालाही थांबवायची वेळ आली. त्याचा एजंट गॅरिसन ताकही फुंकून पिणारा. मालकानंच बोललेलं बरं, म्हणून वॉरननं जातीनं फोन लावला. बर्नी समोर बसली होती.

“एखादा आठवडा थांबा,” वॉरन म्हणाला. “मी शब्द देतो.”

“तुमचा कशाला?” गॅरिसन म्हणाला. “ती बाई आहे का तिथं? तिला द्या.”

वॉरननं फोन बर्नीकडे सरकवला.