रमाबाईंचा पत्ता भोईवाडाच

रमाबाई घाडीगावकर यांच्याशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत म्हणत. ती चाळ आता नाही. पुनर्विकासासाठी पाडली, तिथे पत्र्याच्या कुंपणाआड एक भलामोठा खड्डा आहे, आणि सगळे भाडेकरू नवी इमारत उभी राहीपर्यंत अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरात पडले आहेत. 'उभी राहीपर्यंत' हे बिल्डरचे शब्द. खड्ड्यात अजून एक खांब दिसत नाही. रमाबाईंचा वाद घालायचा दम मात्र शाबूत आहे.

गिरणी बंद पडली आणि नवरा सीताराम घरी बसला, तेव्हापासून बाईंनी घावणे आणि आंबोळ्या विकून संसार ओढला. सीताराम गेले, घावणे चालू राहिले. आता परळच्या ऑफिसांतून फोनवर ऑर्डरी येतात. ऑर्डरींचे पैसे घ्यायला सून अक्षदाने त्यांच्या नावाने मोबाइलवर खातं उघडून दिलं, तेव्हा बाईंनी शिबिरातल्या शेजारणींना एकेकीला बोलावून ते दाखवलं होतं. खोली सासऱ्यांच्या नावावर, मीटर नवऱ्याच्या नावावर. स्वतःच्या नावाचं असं हे पहिलंच.

आणि एका सकाळी तेच खातं बंद पडलं. निरोप आला, की आपण दिलेल्या पत्त्यावर राहता याची खात्री झालेली नाही, ती होईपर्यंत व्यवहार होणार नाहीत. मदतीच्या नंबरवर फोन केला तर यंत्रातली बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा करत राहिली. "शिरा पडली तुझ्या तोंडार," म्हणत रमाबाईंनी फोन पोळपाटावर आपटला.

अक्षदा समजूतदार पोरगी. ती म्हणाली, "आई, एवढं टेन्शन काय घ्यायचं? आधार कार्डावर भोईवाडा आहे, फोन रोज अँटॉप हिलला असतो. त्यांना डाऊट येणारच. पत्ता चेंज करून टाकू ना."

"पत्ता बदलायचा नाय."

"अहो, पण राहतो तर इथेच ना?"

"दगडूला विचार जा, पत्ता बदलून काय होतं ते."

दगडूला विचारायची गरज नव्हती, सगळ्या शिबिराला ते पाठ होतं. दगडू म्हणजे चाळीतला दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी. गॅसच्या सिलिंडरसाठी त्याने कार्डावर शिबिराचा पत्ता घातला. पुढे नव्या इमारतीच्या यादीत त्याच्या नावापुढे शेरा आला, की या गृहस्थांनी जागा सोडली आहे. तेव्हापासून तो जागा सोडली नसल्याचे पुरावे घेऊन वणवण फिरतो आहे. ज्या माणसाचा जन्म त्या खोलीत झाला, त्याच्यावर ही वेळ! संतापच येतो. म्हणून शिबिरात कुणीही पत्ता बदलत नाही. रेशनवर नाही, गॅसवर नाही, कार्डावर नाही. पत्र भोईवाड्याला जातं आणि परत फिरतं, ते चालतं. अँटॉप हिल हे नाव कागदावर चढवायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा आहे.

"अहो, पण धंदा बसेल," अक्षदा म्हणाली.

"बसू दे. धंदा परत उभा करीन. ती खोली गेली तर कोण देणार आहे?"

शेवटी अक्षदानेच फोनमध्ये खोदून शोधून काढलं, की व्हिडिओ कॉलवर खात्री करून घेता येते. फक्त दिलेल्या पत्त्यावर उभं राहून बोलायचं, कारण जागा कुठली आहे ते फोनच त्यांना सांगतो.

"मग चल की," रमाबाई म्हणाल्या आणि ठेवणीतलं लुगडं काढायला उठल्या.

कुंपणाच्या फाटकाशी रामजी नावाचा वॉचमन बसला होता. "अम्मा, अंदर जाना मना है."

"माझ्या घरात जायला मला मनाई? तू कुठे राहतोस रे?"

"यहीं," म्हणत त्याने आतल्या पत्र्याच्या केबिनकडे बोट दाखवलं.

"आणि कार्डावर?"

"गाँव का पता है."

"मग! तुला गावाचा पत्ता चालतो नि मला माझा नको? उघड!" रामजी उठला. त्याने कडी काढली.

कॉल लागला. पडद्यावर नूपुर नावाची तरुण मुलगी होती. तिने बाईंना डोळे मिटायला, उघडायला लावलं, कार्ड चेहऱ्याशेजारी धरायला लावलं. मग म्हणाली, "काकू, आता घराचं प्रवेशद्वार दाखवा."

अक्षदाने कपाळावर हात मारला. रमाबाईंनी फोन तिच्याकडे दिला. "धर नीट. आणि मागून ये."

खड्ड्याच्या कडेने जमिनीची एक पट्टी शिल्लक होती. तिथला औदुंबर बिल्डरने तोडला नव्हता. चाळीत त्यावरूनच तळमजल्याच्या खोल्या सांगायचे. औदुंबरापासून बाई मोजकी पावलं चालल्या, थांबल्या आणि सवयीने चपला काढून बाजूला ठेवल्या. मग पाय जरा उचलून, नसलेला उंबरठा ओलांडून आत गेल्या.

"हे दार," त्या म्हणाल्या. "इथे मोरी. इथे स्टोव्ह. लग्न होऊन आले ती इथे. माझे मालक गेले ते इथेच, या भिंतीकडे डोकं करून." त्यांनी हवेत हात टेकला. "चाळ पाडली आमची. झोपायला अँटॉप हिलला जातो आम्ही. खोटं नाय सांगत."

नूपुरने विचारलं, "मग काकू, सध्याचा पत्ता अँटॉप हिल लिहू का?"

"नाय! खातं बंद ठेवायचं तर ठेव. मी जन्मभर घावणे उधारीवर विकीन, पण माझ्या तोंडून दुसरा पत्ता निघायचा नाय. राहायला कुठेही असेन, घर हे आहे." आवाज चढला होता आणि डोळेही भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

नूपुरने खाली बघून काहीतरी टाइप केलं. "काकू, मी तीनच गोष्टी बघते. चेहरा जुळतो. कार्ड जुळतं. जागा जुळते. भिंती आहेत का, असा प्रश्न माझ्याकडे नाही." मग ती म्हणाली, "चपला उन्हात आहेत तुमच्या. तापतील."

संध्याकाळी खातं सुरू झालं. शिबिरात बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण अडकलेलं खातं घरटी एक होतं. रविवारी ठेवणीतले कपडे घालून चाळीतली माणसं फाटकाशी जमली. दगडू सर्वांत पुढे. त्याच्या कार्डावर अँटॉप हिल होतं, कॉल करून उपयोग नव्हता, तरी आला होता. रमाबाई औदुंबराखाली उभ्या राहून कोणाची खोली कुठे ते हाताने दाखवत होत्या, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी कुठे उभं राहायचं यावरून लगेच भांडण जुंपलं.

रामजीने फाटक सताड उघडलं. लोक आत घुसणार, तोच तो दोन्ही हात आडवे धरून ओरडला, "ए, रुको! चप्पल बाहर निकालो. घर है लोगों का."