म्हशीचं डावं शिंग आणि माझा बिनकॅमेऱ्याचा फोन

या ब्लॉगला फोटो नसतात, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सात वर्षं मी फिरतोय, लिहितोय, आणि सात वर्षं खाली तीच एक प्रतिक्रिया येते: "काका, फोटो टाका की." टाकत नाही, कारण माझ्याकडे बटणांचा फोन आहे. त्यावर बोलता येतं, ऐकता येतं, टॉर्च लागतो. बघायला दोन डोळे आहेत आणि टिपायला खिशात वही. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला वर्णन कसं करायचं ते कुणी शिकवू नये, असा माझा बाणा. तो घोडेगावच्या बाजारात कसा मोडला, ते सांगायला बसलोय. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

जायचं ठरलं ते धाकट्या बहिणीमुळे. शालन नेवासा तालुक्यात राहते, घोडेगावपासून बाराएक किलोमीटरवर. दिवाळीच्या सुमारास धार काढताना म्हशीनं लाथ मारली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात पूर्वीचा जोर नाही. ती म्हैस विकली. आता दुसरी घ्यायची, आणि मेव्हणे साखर कारखान्यावर, हंगामात सुट्टी नाही. तिचा फोन आला, "दादा, तू चल संगं. दूध कमी दिईना का, पर म्हैस गरीब पाहिजे. पुन्हा हात मोडला तर माझं सगळंच बसलं." जनावर गरीब म्हणजे शांत, लाथ न मारणारं. एवढी एकच अट होती तिची.

गुरुवारी सकाळी पुण्याहून एसटी पकडली. ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. शिरूरपर्यंत गर्दीत गाडी रडतखडत जाते, मग पळते. सुप्याच्या अलीकडे एका हॉटेलावर थांबली. मी बसलो, वेटरला म्हटलं मेनू कार्ड आण. त्यानं टेबलावर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"स्कॅन करा काका."

"मला मिसळ खायचीय, स्कॅन नाही करायचं."

"मग मिसळ घ्या की, कोन नको म्हनतंय?"

"पण केवढ्याला आहे?"

"ते स्कॅन केल्यावर दिसतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माणूस समोर उभा आहे, त्याला तोंड आहे, भाव पाठ आहे, आणि तो सांगणार नाही. शेवटी गल्ल्यावरच्या मालकाला विचारलं: नव्वद रुपये. मिसळ झणझणीत होती, पण रागानं खाल्ली, त्यामुळे चवीबद्दल माझ्यावर विसंबू नका. नगरला गाडी बदलली (नाव अहिल्यानगर झालंय, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतो) आणि दुपारी शालनच्या दारात उतरलो. तिनं डाव्या हातानं चहा गाळून दिला. ते बघवलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही बाजारात होतो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो: शुक्रवारीच जा, लवकर जा, आणि चप्पल नको, बूट घाला. म्हशींच्या रांगाच रांगा, शिंगांना तेल चोपडलेलं, मध्येच टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणारे व्यापारी. तोंडानं एक आकडा निघत नाही. हे मात्र मला फार आवडलं. इथं कुणी स्कॅन करा म्हणत नाही.

एका व्यापाऱ्याकडे दोन म्हशी शेजारी शेजारी बांधल्या होत्या. दोघी काळ्याभोर, उंचीला सारख्या, दोघींना त्याचीच निळी दावी. शालननं दोघींच्या कासेला हात लावून पाहिला. एकीनं पाय झाडला. दुसरी रवंथ करत उभी राहिली, आणि शालननं त्या अधू हातानं तिची धार काढली तरी हलली नाही. "हीच," शालन म्हणाली. तिचा चेहरा दिवाळीनंतर पहिल्यांदा मोकळा दिसला. व्यवहार झाला, रिवाजाप्रमाणे म्हशीच्या पाठीवर गुलाल पडला. गुलाल पडला की जनावर विकलं गेलं, दुसऱ्यानं विचारायचं नाही. मी म्हशीसमोर उभा राहून वहीत व्यवस्थित टिपलं: "काळी. डावं शिंग खाली झुकलेलं." उजवं सरळ होतं.

हे सगळं होईतो बारा वाजले, मग आम्ही टेम्पो ठरवायला गेलो. तासाभरानं टेम्पोवाल्याला घेऊन आलो तर शेजारची, पाय झाडणारी म्हैसही विकली गेली होती. तिच्याही पाठीवर गुलाल. कुणीतरी दोघींना वैरणीच्या ढिगाकडे तोंड करून बांधलं होतं, आमच्याकडे पाठ. व्यापारी जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. पावतीवर काय, तर "म्हैस एक, काळी". मी वही काढली. पाठीमागून बघितलं, डाव्या बाजूचं शिंग झुकलेली म्हैस शोधली आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, ही चढव.

"दादा, ही न्हाई आपली," शालन म्हणाली.

"अगं, लिहिलंय मी."

"ही मला हात लावून दिईना. बघ की."

"गर्दीनं बावचळलीय. तू थांब जरा."

तेवढ्यात एक तिशीतली बाई आणि तिचे सासरे धावत आले. दुसरी म्हैस त्यांनी घेतलेली. तिचं नाव रेश्मा, हे नंतर कळलं. "काका, आमची म्हैस कुठं चढवताय?" असं तिनं विचारलं आणि मी जो सुटलो, तो सुटलोच. वही तिच्या नाकासमोर नाचवली. मी शिक्षक आहे म्हणालो. मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिलंय म्हणालो. पंधरा-वीस माणसं जमली. शालन दोनदा माझी बाही ओढून म्हणाली, "दादा, ऐक की," आणि दोनदा मी हात झटकला. तिच्याच म्हशीचा निकाल लागत होता आणि तिचंच कुणी ऐकत नव्हतं, सख्खा भाऊसुद्धा.

रेश्मानं शांतपणे फोन काढला. "घरी सासूबाईंना दाखवायला फोटू काढला हुता, आमची घ्यावी का म्हनून. तवा तुमच्या म्हशीवर गुलाल पडला हुता, आमची बिनगुलालाची हाय. बघा." फोटोत एका म्हशीच्या गुलालावर शालनचा हात ठेवलेला. आणि त्या म्हशीचं डाव्या बाजूचं शिंग झुकलेलं.

"बघा," मी विजयानं म्हणालो, "डावंच आहे."

"फोटू समोरनं काढलाय काका. आता तुमी बी समोर या."

मी वैरणीच्या ढिगाला वळसा घालून समोर गेलो. मी टेम्पोत चढवायला निघालेल्या म्हशीचं झुकलेलं शिंग आता माझ्या उजव्या हाताला होतं. शेजारी, माझ्या डाव्या हाताला शिंग झुकवून, आमची गरीब म्हैस चारा खात उभी होती. लिहिताना मी समोर होतो, शोधताना मागे. चौतीस वर्षं पोरांना दिशा शिकवल्या मी, नकाशापुढे उभं करून. आणि लाथ मारणारं जनावर बहिणीच्या गोठ्यात नेऊन बांधणार होतो.

रेश्माचे सासरे एवढंच म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, व्हतं असं." त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. शालननं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, तिनं शेपूट हलवली, झालं. टेम्पोत वाटभर शालन मागे वळून म्हशीकडेच बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मी आधीच सांगितलं हुतं." मी हो म्हणालो.

निघताना रेश्मानं विचारलं होतं, "काका, फोटू पाठवू का तुमच्या नंबरवर?" माझ्या फोनवर येत नाही, हे सांगताना जमीन दुभंगावी असं झालं. तिचा नंबर वहीत लिहून घेतला. पुण्यात परतल्यावर चौथ्या दिवशी कॅमेऱ्याचा फोन घेतला. दुकानदार मेगापिक्सेल समजावत होता, त्याच्यावरही चिडलो. मला कारण विचारू नका म्हटलं, मला कारण माहीत आहे. पहिला फोन रेश्माला केला आणि तासाभरात फोटो आला.

बाजारात आम्ही फक्त शिंग बघितलं होतं. घरी अख्खा फोटो बघितला. शालनकडून परवाच कळलं, म्हैस तिच्या हाताला रुळलीय, दोन्ही वेळा ती स्वतः धार काढते. तेव्हा या ब्लॉगवरचा पहिला फोटो खाली लावतोय, पण म्हैस बघू नका. शालनचा चेहरा बघा: ती गुलालावर हात ठेवून कुणाला तरी सांगतेय, ही माझी. आणि तिच्यामागे, तिच्याकडे पाठ करून, एक म्हातारा बोट वर करून चहावाल्याला काहीतरी ऐकवतोय. मला चांगलं आठवतंय मी काय सांगत होतो. फोन आल्यापासून माणसं समोरचं बघायची विसरली, असं सांगत होतो.