बांधावरचं हळदीकुंकू

तिरुवैयारुजवळच्या त्या खेड्यात विजयलक्ष्मीबाईंशी वाद घालायला सहसा कुणी धजत नसे. घर तिथंच पिढ्यानपिढ्या रुजलेलं मराठी. नवरा, सूर्यनारायणराव, तंजावरला कचेरीत. शेती बाईच बघत. मोपेडवरून शेतावर जात, मजुरणींशी तमिळमध्ये भांडत आणि घरी येऊन तेच भांडण नवऱ्याला मराठीत साग्रसंगीत ऐकवत. बाई तिखट होत्या, पण त्यांच्याइतकं दुसऱ्याच्या जिवाला जपणारं माणूस त्या पंचक्रोशीत नव्हतं.

त्र्याण्णव साली उंदरांनी नुसता उच्छाद मांडला. पिकत आलेल्या भाताच्या लोंब्या रात्रीतून कातरून बिळात न्यायचे. शेजारचं शेत धाकट्या दिराचं, वेंकटरावचं. तो दुष्ट नव्हता, पार हबकला होता. शेतीची वीज फुकट, म्हणून त्यानं बांधाला उघडी तार बांधली आणि अंधार पडला की तिच्यात करंट सोडायला लागला. पलीकडच्या गावात अशाच तारेला पाय लागून शेताला पाणी द्यायला निघालेली एक बाई जागच्या जागी गेली होती.

"वेंकट, ती तार काढ," बाई म्हणाल्या.

"कासाला वैनी? एली, हे उंदीर, सगळं वयल, सगळं शेत खाताय. मग आम्ही काय खावं? उंदरांचं उष्टं?"

"बांधावर कोणाचा पाय पडला म्हणजे?"

"अंधारात तेथे कोण येताय?"

बाईंनी पदर खोचला. संक्रांतीला त्यांनी गावातल्या झाडून साऱ्या सुवासिनींना, मराठी असोत की तमिळ, हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं. वेळ दिवेलागणीची, जागा वेंकटरावचा बांध! रेशमी पट्टूसाड्या नेसलेल्या बायका चिखल तुडवत आल्या. सगळ्यांत पुढे वेंकटरावचीच बायको, अलमेलु. तिळगूळ झाला, कुंकू लागलं आणि वाण म्हणून बाईंनी प्रत्येकीच्या हातात ठेवली किट्टी, म्हणजे उंदीर धरायचा बांबूचा सापळा. बायका हसून हसून बेजार झाल्या. मग बाईंच्या आणि वेंकटरावच्या, दोन्ही शेतांत बिळं शोधून किट्ट्या लावायला बसल्या.

सवाष्णींना बांधावरून हाकलायचं कसं? वेंकटराव दात-ओठ खात घरी बसला. दुसऱ्या संध्याकाळी दुसरीचं हळदीकुंकू, जागा तीच. किट्टीत काही सापडलं का, हे बघायला कोण केव्हा येईल याचा नेम राहिला नाही, त्यामुळे तारेत करंट सोडायचा फ्यूज वेंकटरावच्या पंपाच्या खोलीत कोनाड्यातच पडून राहिला. रथसप्तमीपर्यंत हेच चाललं. उंदीरही भराभर कमी झाले. कुणाला जास्त सापडले यावरून बायकांत चढाओढ लागली, आणि सोवळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा आकडा विचारायला लागल्या.

रथसप्तमी झाली. बाईंचं भात कापून झालं, वेंकटरावचं अजून उभं होतं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बाई ओसरीवर पानाची तबकं पुसत होत्या. समोर शेतात वेंकटरावच्या पंपाच्या खोलीत दिवा लागलेला त्यांना दिसला. हळदीकुंकू संपलं, आता बांधावर कुणी येणार नाही, असंच तो धरून चालला असणार. पण बायका किट्ट्या लावायला जाणारच होत्या! ज्या बांधावर अंधारात कुणी फिरकत नव्हतं, तिथं साऱ्या गावाला अनवाणी चालायची सवय बाईंनीच लावली होती.

तबक तसंच टाकून त्या धावत सुटल्या. चप्पल नाही, पदराची शुद्ध नाही.

वेंकटराव खोलीच्या पायरीवर बसला होता. फ्यूज मांडीवर होता. बांधावर अलमेलु आणि चौघीजणी मोठमोठ्यानं कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत किट्ट्या लावत होत्या. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"वैनी, खटका ओढतच होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात हिचं बोलणं कानी आलं. फ्यूजच काढून घेतला."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. जन्मात कुणाची क्षमा न मागितलेली ती बाई दिरापुढं रडायला लागली. "माझीच चूक रे. मीच त्यांना तेथे चालायला शिकवलं."

वेंकटरावनं बांधाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही शिकवलं म्हणून पाच जणी बडबडत आल्या," तो म्हणाला. "एकटी आली असती, तर गप्प आली असती. मला कळलंही नसतं."

मग तो उठला आणि तार गुंडाळायला लागला. दुसरं टोक बाईंनी धरलं.